घर देणाऱ्या हातांना आधार कोणाचा?

(पापाकुरा येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हांस आरोग्य या विषयावर बोलण्यास सांगितले. रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार हे आपल्या लोकांचे नित्याचे शत्रू आहेत आणि त्यांविषयी बोलण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. आज मात्र रक्ताच्या तपासणीत न सापडणाऱ्या एका दुखण्याविषयी बोलावे असे आम्ही ठरविले. सरकारी वा संस्थांच्या मालकीच्या घरांतील भाडेकरूंशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्या कर्मचाऱ्यांचे हे दुखणे आहे. त्यांत टेनन्सी मॅनेजर आहेत, घरासाठी आलेल्या अर्जांची छाननी करणारे आहेत, मोटेलमध्ये तात्पुरत्या ठेवलेल्या कुटुंबांची विचारपूस करणारे आहेत आणि रात्री-अपरात्री फोन घेणारेही आहेत. दक्षिण ऑकलंडमध्ये असे काम करणारे पुष्कळ आहेत. आपल्या घरांतील मुले, मुली व सुनाही त्यांत आहेत. बेघरास घर मिळावे यासाठी झटणाऱ्या या माणसांस कोण सांभाळते, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

घर नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजास कोणी समजावून सांगावे लागत नाही. गावकुसाबाहेरचे जिणे आपल्या आजा-पणजांनी भोगले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत कसाबसा मिळालेला आसराही जात कळताच हिरावला गेला. मुंबईत परळच्या ज्या चाळीत त्यांचे कुटुंब अनेक वर्षे राहिले, ती इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची होती. १८९६च्या प्लेगने शहर हादरल्यानंतर १८९८ साली ही ट्रस्ट स्थापन झाली होती. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या घराचे मोल आपण असे प्रत्यक्ष जाणतो.

आपण आज जेथे जमलो आहोत त्या पापाकुऱ्याचीही एक आठवण सांगण्याजोगी आहे. जवळच्या किंगसीट मनोरुग्णालयात काम करणारे माओरी वैद्य डॉ. हेन्री बेनेट यांस १९५९ साली येथील हॉटेलच्या एका दालनात, केवळ ते माओरी आहेत म्हणून, पेय देण्याचे नाकारण्यात आले. त्यावरून देशभर खळबळ माजली. येथून दक्षिणेस असलेल्या पुकेकोहे गावात तर माओरी, चिनी व भारतीय यांस दूर ठेवण्याची रीतच पडली होती. दारापाशी उभा असलेला मनुष्य आपल्याशी कसा वागतो, यावर दारासमोर आलेल्याची प्रतिष्ठा अवलंबून असते, हे यावरून दिसते. म्हणूनच त्या दारापाशी कामाला असलेल्या माणसाच्या मनाची अवस्था हा केवळ त्याचा खाजगी मामला राहत नाही.

या देशातील सरकारी घरांची परंपरा मोठी आहे. १८ सप्टेंबर १९३७ रोजी वेलिंग्टनच्या मिरामार भागात पहिल्या सरकारी घरात भाडेकरू कुटुंब राहावयास आले, तेव्हा पंतप्रधान मायकेल जोसेफ सॅव्हेज यांनी स्वतः जेवणाचे टेबल उचलून आत नेले. परंतु धोरण एका जागी थांबले नाही. १९९०च्या दशकात सरकारी घरांनाही बाजारभावाने भाडे लावण्यात आले. २००० साली पुन्हा उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाइतके भाडे घेण्याची पद्धत आली. २०१९ साली काइंगा ओरा ही नवी यंत्रणा उभी राहिली. २०२२ साली घराच्या प्रतीक्षायादीवरील अर्ज २५ हजारांच्या वर गेले. भाडेकरूस शक्यतो घराबाहेर काढू नये असे धोरण काही वर्षे चालले. २०२४ साली सरकारने ते थांबविले आणि त्रासदायक भाडेकरूंविरुद्ध कडक पावले उचलण्यास सांगितले. यांतील कोणते धोरण योग्य यावर मतभेद असू शकतात. आमचे म्हणणे एवढेच की, राजधानीत आदेश पालटतो तेव्हा तो दारावर जाऊन सांगणारा कर्मचारी मात्र तोच असतो. काल ज्या बाईस त्याने धीर दिला, तिच्याच हातात आज त्याला नोटीस द्यावी लागते.

यासंबंधीचे एक उदाहरण वैद्यकाशी निगडित असल्यामुळे ते जरा विस्ताराने सांगतो. मेथाम्फेटामिन या मादक द्रव्याचे अत्यल्प अंश घराच्या भिंतींवर आढळले तरी ते घर राहण्यास धोकादायक समजले जात असे. त्या समजुतीपोटी भाडेकरूंस घरे सोडावी लागली, काहींवर सफाईचा खर्च लादला गेला, काहींस यादीतूनच दूर ठेवले गेले. २०१८च्या मे महिन्यात पंतप्रधानांचे मुख्य विज्ञान सल्लागार सर पीटर ग्लकमन यांचा अहवाल आला. धूम्रपानातून भिंतीवर राहिलेल्या अंशांमुळे तेथे राहणाऱ्याची प्रकृती बिघडते यास पुरावा नाही, असे त्यात स्पष्ट झाले. त्याच वर्षी हाउसिंग न्यूझीलंडने जाहीर क्षमा मागितली आणि सुमारे ८०० बाधित भाडेकरूंस भरपाई देण्याचे मान्य केले. भाडेकरूंवर झालेला अन्याय उघड आहे, आणि प्रथम विचार त्यांचाच झाला पाहिजे. तथापि ती पत्रे घेऊन दारोदार गेलेल्या कर्मचाऱ्यांचा विचारही आमच्या मनात येतो. आपण एका आईला मुलांसह घराबाहेर काढले आणि त्यास शास्त्राचा आधारच नव्हता, हे ज्यास नंतर वर्तमानपत्रातून कळले, त्याने ते कोणापाशी बोलावे?

अशा जखमेस आता नाव मिळाले आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९०च्या दशकात तिचे वर्णन केले; तिला आपण सदसद्विवेकाची जखम म्हणू. भयाने झालेल्या आघाताहून ही निराळी असते. हिच्यात मनुष्य घाबरत नाही. स्वतःविषयीचा त्याचा आदर ढासळतो.

दुसरे दुखणे अधिक परिचित आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली त्यास बर्नआउट म्हटले. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणे सांगितली. मन थकून रिते होणे हे पहिले; ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याविषयी कोरडेपणा, किंबहुना तुच्छता वाटू लागणे हे दुसरे; आणि आपल्या हातून काहीच घडत नाही अशी भावना हे तिसरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याची नोंद कामाच्या जागेशी संबंधित अवस्था म्हणून केली. तिने त्यास व्यक्तीचा आजार म्हटले नाही, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुसरे लक्षण आपल्या दृष्टीने सर्वांत गंभीर होय. कर्मचाऱ्याचे मन कोरडे पडले की त्याची झळ भाडेकरूस लागते. फोन उचलला जात नाही, गळक्या छताची तक्रार कागदावरच राहते, आणि "ही माणसे अशीच" हे वाक्य तोंडी बसते. त्या वाक्याची धार आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे.

आमच्या दवाखान्यात येणाऱ्या अशा काही रुग्णांची हकीकत एकत्र करून, कोणाचीही ओळख पटू नये अशा रीतीने सांगतो. विदर्भातून आलेल्या कुटुंबातील तिशीतली एक मुलगी डोकेदुखी व निद्रानाश घेऊन आली. औषधाने उतार पडेना. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ती बोलू लागली. एकटा राहणारा एक वृद्ध भाडेकरू फोन घेत नव्हता म्हणून ती पाहावयास गेली. तो काही दिवसांपूर्वीच निवर्तला होता. पोलीस आले, कागद भरून झाले, आणि दुपारी दोन वाजता ती पुढच्या घरी थकलेल्या भाड्याविषयी बोलावयास गेली. कचेरीत तिला सर्वांनी "बरी आहेस ना?" असे विचारले, तिने "हो" म्हटले. घरी नवऱ्यानेही तेच विचारले. तिने तेच सांगितले. आम्ही कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरकाका, घरी सांगू कसे? ती दुसऱ्याच्या घरची गोष्ट. आणि ऑफिसात रडले तर म्हणतील, हिला झेपत नाही."

तिच्या या उत्तरात दोन अडचणी आहेत. पहिली गोपनीयतेची. भाडेकरूची व्यसने, मारहाण, मुलांची आबाळ हे सारे त्या कर्मचाऱ्यावर विश्वासाने सोपविलेले असते. ते जेवणाच्या टेबलावर उघड करता येत नाही. म्हणजे घरच्यांची माया कितीही असली तरी ती पुरी पडणार नाही. बोलण्यासाठी कामाच्याच चौकटीत निराळी, विश्वासाची जागा हवी. दुसरी अडचण आपल्या समाजाची खास आहे. महाविद्यालयात असताना "आरक्षणातून आलेले" हा टोमणा ज्यांनी ऐकला, त्यांनी पुढे प्रत्येक नोकरीत आपली लायकी दुप्पट सिद्ध करण्याचा ध्यास घेतला. मदत मागितली तर तो टोमणा खरा ठरेल, ही भीती सातासमुद्रापलीकडेही पाठ सोडत नाही. आम्ही वैद्य म्हणून सांगतो की, या भीतीने आपली गुणी मुले आतून पोखरली जात आहेत.

यावर उपाय म्हणून या देशात प्रोफेशनल सुपरव्हिजन नावाची पद्धत आहे. सुपरव्हायझर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गिरणीतला जॉबर किंवा मुकादम उभा राहतो; हजेरी मांडणारा, खाडे कापणारा. येथे त्या शब्दाचा अर्थ अगदी वेगळा आहे. महिन्यातून निदान एकदा, कामाच्या वेळात, एका अनुभवी व प्रशिक्षित व्यक्तीपाशी बसून आपल्या कामाकडे शांतपणे पाहणे, असा तो अर्थ आहे. कोणत्या घरी काय घडले, आपण तसे का वागलो, कोठे मन अडकले, पुढच्या वेळी काय करता येईल, याचा तेथे विचार होतो. अमेरिकन समाजकार्यतज्ज्ञ अल्फ्रेड काडुशिन यांनी १९७६ साली याची तीन अंगे मांडली: कामाची जबाबदारी तपासणे, शिकविणे आणि आधार देणे. तिन्ही अंगे हवीत. केवळ तपासणी झाली तर मुकादमी उरते आणि केवळ आधार दिला तर ते गोड बोलणे होते.

ही कल्पना नवी नाही. लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल यांनी १८६५ साली गरिबांच्या घरांचा कारभार हाती घेतला, तेव्हा भाडेवसुलीस जाणाऱ्या स्त्रियांना त्यांनी स्वतः शिकवून तयार केले. पुढे त्या आपल्या सहकाऱ्यांस दरवर्षी छापील पत्रही लिहीत असत. आमच्या व्यवसायात मायकेल बालिंट यांनी १९५०च्या दशकात लंडनच्या वैद्यांचे गट बनविले. रुग्णामुळे वैद्याच्या मनात काय उठते, याची चर्चा ते तेथे करीत. आणि आपल्या परंपरेत पाहावयाचे तर, वर्षावास संपताना भिक्खुसंघ पवारणा करतो. आपल्याविषयी जे पाहिले, जे ऐकले, ज्याची शंका आली ते करुणेने सांगावे, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघास करतो, आणि ती प्रथम करावयाची असते ज्येष्ठाने. वरिष्ठाने आधी स्वतःस खुले केल्याविना कनिष्ठ मोकळा होत नाही, हे व्यवहारज्ञान त्या विनयात आहे.

न्यूझीलंडमध्ये २०२१ सालापासून सामाजिक कार्यकर्ता म्हणून काम करणाऱ्यास नोंदणी सक्तीची झाली आणि नोंदणी झालेल्यांकडून नियमित सुपरव्हिजनची अपेक्षा असते. टेनन्सी मॅनेजर मात्र या नोंदणीत येत नाही. तेच भाडेकरू, तीच घरे, तीच दुःखे. एकाला आधाराची हमी आणि दुसऱ्यास ते मालकाच्या मर्जीवर, अशी ही विषमता आहे. आपल्या देशातही याचे प्रतिबिंब दिसते. १९४८च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणे बंधनकारक केले. परंतु मालक व कामगार यांच्या मध्ये सापडलेल्या त्या वेल्फेअर ऑफिसरचे वेल्फेअर कोणी पाहावे, हे कोणी ठरविले नाही.

काही जण म्हणतील, आता मदतीचे फोन नंबर आहेत, समुपदेशकाच्या मोजक्या मोफत बैठका मिळतात. आणखी काय हवे? त्या सोयी चांगल्याच आहेत. १७३७ या क्रमांकावर कोणीही, केव्हाही फोन किंवा संदेश करून प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलू शकतो; तो क्रमांक अवश्य लिहून ठेवा. पण मनुष्य कोसळल्यावर त्या कामास येतात, आणि हात मागणाऱ्यानेच पुढे करावयाचा असतो. जो लाजतो तो मागतच नाही. सुपरव्हिजनचे दिवस-वार आधीच ठरलेले असल्याने तेथे मागण्याची लाज उरत नाही. सर्वांनाच जावे लागते. शिवाय भीषण प्रसंगानंतर लगेच एकदा सर्वांस बसवून घडलेले सारे वदवून घेतले की काम झाले, असाही समज पूर्वी होता. अशा एकाच बैठकीने पुढील मानसिक विकार टळत नाहीत आणि काहींस ती अपायकारकही ठरू शकते, असे २००२ सालच्या कॉक्रेन आढाव्यात दिसून आले. थोडे-थोडे, नियमित, विश्वासाच्या माणसापाशी, हाच मार्ग अधिक सुरक्षित आहे.

सुरक्षेचा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. १ सप्टेंबर २०१४ रोजी अ‍ॅशबर्टन येथील वर्क अँड इन्कम कचेरीत एका बेघर माणसाने गोळीबार करून दोन महिला कर्मचाऱ्यांचा जीव घेतला. त्या कृत्याचे समर्थन कोणत्याही गाऱ्हाण्याने होऊ शकत नाही. पुढे त्या खात्यावर खटला झाला आणि कर्मचाऱ्यांच्या रक्षणासाठी शक्य ती सर्व पावले उचलली नाहीत, हा आरोप खात्याने मान्य केला. एप्रिल २०१६ मध्ये अंमलात आलेल्या नव्या सुरक्षा कायद्यात आरोग्य म्हणजे शरीराचे व मनाचे, दोन्ही, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा मनाची काळजी मागणे ही याचना नव्हे. तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एका माणसावर दोघांचे काम लादावयाचे आणि महिन्यातून एक तास त्याचे ऐकून घेऊन समाधान मानावयाचे, याला सुपरव्हिजन म्हणता येणार नाही. माओरी मनोविकारतज्ज्ञ सर मेसन ड्युरी यांनी १९८०च्या दशकात आरोग्यास चार भिंतींच्या घराची उपमा दिली. ते फारे तापा फा असे तिचे नाव आहे. देह, मन, आत्मिक बळ आणि कुटुंब या त्या चार भिंती. एक खचली तरी घर डळमळते. आत्मिक बळ या शब्दाचा अर्थ आपण आपल्या धम्माप्रमाणे शील व मैत्री असा घेऊ. पण उपमेचा आशय आपणांस पटण्यासारखा आहे. कामाचा बोजा, एकट्याने करावयाच्या भेटी, वंशद्वेषाच्या शिव्या या बाबी तशाच ठेवून एकाच भिंतीस गिलावा करण्यात अर्थ नाही.

आता आपण काय करावे, ते सांगून आम्ही थांबतो.

पहिली गोष्ट तरुणांसाठी. अशा नोकरीच्या मुलाखतीस जाल तेव्हा पगाराबरोबर चार प्रश्न विचारा. सुपरव्हिजन किती दिवसांनी मिळते? ते कामाच्या वेळात असते काय? ते देणारी व्यक्ती आपल्या साहेबाहून वेगळी असते काय, आणि तेथील बोलणे कोठवर गुप्त राहते? आपली भाषा व पार्श्वभूमी जाणणारी व्यक्ती निवडता येते काय? हे विचारणारा उमेदवार दुबळा ठरत नाही; त्यास काम कळते असेच जाणता मालक समजेल.

दुसरी गोष्ट जे आज नोकरीत आहेत त्यांच्यासाठी. एकट्याने मागू नका, युनियनमार्फत मागा. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळले. कामगाराचे हित संघटनेने व कायद्याने साधावयाचे असते, कोणाच्या दयेने नव्हे, हा धडा त्यांनी आपणांस घालून दिला आहे.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. "सरकारी नोकरी आहे, बसून काम आहे, कसला ताण?" असे म्हणू नका. गोष्ट विचारू नका, माणसाला विचारा. झोप लागते का, जेवण जाते का, पूर्वीसारखे हसणे आहे का, हे पाहा. दोन-तीन आठवडे यांत बिघाड दिसला तर डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानी आले तर एक दिवसही थांबू नका.

चौथी गोष्ट आपल्या संघटनेसाठी. सेवाक्षेत्रांत काम करणाऱ्या आपल्या माणसांनी दोन महिन्यांतून एकदा एकत्र बसावे. भाडेकरूंची नावे-गावे न सांगता स्वतःच्या मनाविषयी बोलावे. आपल्यांतील निवृत्त शिक्षक, परिचारिका व वैद्य यांनी त्यांस वेळ द्यावा. हे व्यावसायिक सुपरव्हिजनची जागा घेणार नाही आणि घेऊही नये; परंतु मदत मागण्याची सवय आपल्या लोकांत बसलेल्यांस तेथून लागेल. या कामासाठी आमचा वेळ आम्ही आजच देऊ करतो. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी चहाच्या वेळी आमच्याकडे किंवा कार्यवाहांकडे नाव द्यावे.

ज्या आजींना आयुष्यभर पक्के घर मिळाले नाही, त्यांच्या नातवंडांच्या हातात आज इतरांच्या घरांच्या किल्ल्या आहेत. ते हात मायाळू राहावेत, यासाठी त्यांना आधार मिळवून देणे आपले कर्तव्य आहे.